ओपिमियसचे मद्य

इ. स. पूर्व १२१ मध्ये लुसियस ओपिमियस रोमचा कॉन्सल होता. गरिबांचा कैवार घेणाऱ्या गायस ग्राकसचा व त्याच्या अनुयायांचा त्याने निःपात केला. त्याच वर्षी अनुकूल उन्हामुळे द्राक्षे अपूर्व पिकली. मद्यकुंभांवर कॉन्सलच्या नावाने वर्ष नोंदण्याची प्रथा असल्यामुळे ते मद्य ‘ओपिमियन’ म्हणून ख्यातनाम झाले. सुमारे दोनशे वर्षांनी ते मधासारखे घट्ट व कडवट झाल्याचे थोरला प्लिनी लिहितो. पाण्यावाचून ते पिणे अशक्यच. तरीही त्याची प्रतिष्ठा ढळली नाही.

या प्लिनीच्या भाच्याने, धाकट्या प्लिनीने, एका पत्रात एका यजमानाची पंक्ती वर्णिली आहे. तेथे मद्य तीन प्रतींचे होते : एक यजमानासाठी व मोजक्या पाहुण्यांसाठी, दुसरे कमी योग्यतेच्या स्नेह्यांसाठी, तिसरे दास्यमुक्तांसाठी. स्वतः प्लिनी मात्र सर्वांना एकच मद्य देई. खर्चाची शंका निघताच त्याने सांगितले, की दास्यमुक्त आपले मद्य पीत नाहीत; आपणच त्यांचे पितो.

पंक्तिप्रपंच टाळण्याचा हा मार्ग साधा होता. ज्या ग्राकसच्या अंताचे वर्ष धनिकांनी कुंभांत जपले, त्याला ही पंक्ती कदाचित अधिक रुचली असती.