लाकडी होडीतील लोखंडी भागांचा गंज

लाकडी होडीच्या फळ्या, आतील वाकणे व सुकाणू यांना धरून ठेवणारे खिळे, बोल्ट, पट्ट्या आणि कड्या पाणी व प्राणवायू यांच्या क्रियेने झिजतात. ही झीज म्हणजेच गंज. पृष्ठभागावरील तांबूस थर सहज नजरेस पडतो. मात्र होडीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने लाकडात दडलेला भाग अधिक महत्त्वाचा ठरतो.

स्वरूप

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे फुगलेला खिळा फळीला आतून चीर पाडतो. ओल्या लाकडातून सुटणारे सेंद्रिय आम्ल धातूस झिजवते, तर विरघळलेल्या लोखंडाचे क्षार खिळ्याभोवतीच्या तंतूंना ठिसूळ करतात. परिणामी खिळ्याचे डोके शाबूत दिसते, पण दांडा सुईसारखा बारीक झालेला असतो. बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडात खिळ्याभोवती निळसर काळा डाग पडतो. हा डाग म्हणजे आत ओल शिरल्याची पहिली खूण होय.

गोडे व खारे पाणी

कोकणातील होड्यांना समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे (सुमारे ३.५ टक्के) वेगाने गंज चढतो. नांदेडमधून वाहणारी गोदावरी किंवा लातूर जिल्ह्यातील मांजरा यांच्या गोड्या पाण्यात हा वेग मंद असतो. तथापि मराठवाड्यात वेगळी अडचण उद्भवते. उन्हाळ्यात पाणी ओसरते, काठावर ओढलेली होडी ४० अंशांहून अधिक तापमानात वाळते, लाकूड आकसते आणि बोल्टांभोवती फटी पडतात. पावसाळ्यात त्याच फटींतून पाणी आत जाते. म्हणून येथे तपासणी होडी पाण्यात उतरविण्यापूर्वी, म्हणजे मृगाच्या आधी, करणे इष्ट.

उपचार

प्रथम काही खिळे व बोल्ट काढून पाहतात. अडकलेल्या आट्यांवर रॉकेल टाकून एक रात्र ठेवल्यास ते सहसा सैल होतात. आच देऊ नये, कारण लाकूड करपते. दांडा ठळकपणे बारीक झाला असेल तर तो बदलावा. त्यावर रंग चढविणे ही केवळ झाकापाक होय.

टिकाऊ भाग तारेच्या ब्रशाने खरवडून, धुऊन पूर्ण वाळवतात. उरलेल्या गंजावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावण लावल्यास स्थिर थर तयार होतो. टॅनिनचे द्रावण गंज काळा करते. हिरड्यातही टॅनिन विपुल असते. जस्ताचा मुलामा असलेल्या भागांवर फॉस्फोरिक आम्ल वापरू नये, ते जस्तच विरघळवते. त्यानंतर झिंक फॉस्फेटचा प्राइमर व रंग देतात. पूर्वी शेंदूर तेलात कालवून लावत. तो शिशाचा संयुग असल्याने विषारी आहे आणि जुना रंग खरवडताना त्याची धूळ श्वासात जाण्याचा धोका असतो.

जुने, सैल झालेले छिद्र लाकडी खुंटीने बुजवून शेजारी नवे पाडतात आणि डोक्याखाली राळ व तेलाचे मिश्रण किंवा तत्सम लुकण भरतात. तांब्याचे किंवा पितळेचे भाग लोखंडाला टेकवून बसवू नयेत. पाण्यात अशा जोडीतील लोखंडच प्रथम झिजते. स्टेनलेस स्टीलही सर्वथा निर्धोक नाही: प्राणवायू न पोहोचणाऱ्या ओल्या फटीत त्याला खड्डे पडतात.