पडद्यामागची लव्हर्न : पेनी मार्शल आणि हॉलिवूडचे दार

१९७९ साली अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेतल्या, म्हणजे डायरेक्टर्स गिल्ड ऑफ अमेरिकामधल्या, सहा महिला सभासदांनी एक साधे काम हाती घेतले. काम मोजणीचे होते. मागच्या तीस वर्षांत मोठ्या वितरण संस्थांनी प्रदर्शित केलेल्या चित्रपटांपैकी किती चित्रपटांचे दिग्दर्शन स्त्रियांनी केले, हे त्यांना पाहायचे होते. १९४९ ते १९७९ या काळातले एकूण चित्रपट भरले ७,३३२. त्यांत स्त्रियांनी दिग्दर्शित केलेले होते १४.

या आकड्यानंतर नऊच वर्षांनी, १९८८ च्या जूनमध्ये, ‘बिग’ नावाचा एक विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि अमेरिकेतील तिकीटबारीवर त्याने ११ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाने १० कोटींचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. दिग्दर्शिका होती पेनी मार्शल. लोक तिला ओळखत होते ते मात्र दूरचित्रवाणीवरच्या एका धांदरट, ठसकेबाज कारखाना कामगार मुलीच्या भूमिकेमुळे. ही नटी दिग्दर्शनाकडे कशी वळली, तिच्या यशाचे श्रेय कुणाकुणाला दिले गेले आणि त्या यशाने तिच्यामागून येणाऱ्या स्त्रियांच्या पदरात काय पडले, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

ब्राँक्समधले घर

पेनीचा जन्म १५ ऑक्टोबर १९४३ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. वडील अँथनी मार्शल औद्योगिक चित्रफितींच्या व्यवसायात होते. मूळ इटालियन आडनाव माशियारेली. ते त्यांनी बदलून मार्शल केले होते. आई मार्जरी इमारतीच्या तळघरात मुलींना टॅप नृत्य शिकवी. पेनी लहानपणापासून या वर्गात आणि वर्गाच्या कार्यक्रमांत नाचत असे. थोरला भाऊ गॅरी पुढे दूरचित्रवाणी मालिकांचा नामांकित लेखक-निर्माता झाला.

पेनीचा मार्ग सरळ नव्हता. न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकत असतानाच लग्न झाले, मुलगी झाली आणि थोड्याच काळात ते लग्न मोडलेही. पोटासाठी तिने सचिवाची नोकरी केली, नृत्य शिकवले. १९६७ च्या सुमारास ती लॉस एंजेलिसला भावाकडे आली. तिथल्या सुरुवातीच्या दिवसांतली एक आठवण तिने पुढे सांगितली आहे. एका शाम्पूच्या जाहिरातीत तिच्यासोबत फॅरा फॉसेट होती. प्रकाशयोजना जुळवताना नट्यांच्या जागी ज्या मुली उभ्या राहतात, त्यांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या होत्या. फॅराच्या जागी उभ्या असलेल्या मुलीच्या पाटीवर ‘सुंदर मुलगी’, आणि पेनीच्या जागी असलेलीच्या पाटीवर ‘कुरूप मुलगी’. फॅराने पुढे होऊन ‘कुरूप’ हा शब्द खोडला आणि ‘साधी’ असे लिहिले. हा व्यवसाय नटीकडे कोणत्या नजरेने पाहतो, ते पेनीला असे अगदी लेखी कळले होते.

आठवड्याचे नाटक

‘द ऑड कपल’ या मालिकेतल्या मायर्ना या सचिवाच्या छोट्या भूमिकेने तिचा चेहरा लोकांना माहीत झाला. त्यानंतर गॅरीच्याच ‘हॅपी डेज’ मालिकेत लव्हर्न आणि शर्ली या दोन मैत्रिणी पाहुण्या म्हणून आल्या. त्या इतक्या आवडल्या की २७ जानेवारी १९७६ पासून त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली. ‘लव्हर्न अँड शर्ली’ १९८३ पर्यंत चालली. आठ हंगाम, १७८ भाग. १९७७-७८ आणि १९७८-७९ या दोन्ही हंगामांत ती अमेरिकेतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. मिल्वॉकी शहरातल्या बिअरच्या कारखान्यात बाटल्या भरणाऱ्या दोन मुलींची ही गोष्ट. शर्लीची भूमिका सिंडी विल्यम्सची आणि लव्हर्नची पेनीची.

या मालिकेची निर्मितीपद्धत समजून घेतल्याशिवाय पेनीचे पुढचे काम उलगडत नाही. चित्रपट तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. ही मालिका मात्र जवळजवळ नाटकासारखी होई. आठवडाभर तालीम, संहितेत रोज बदल आणि शेवटी समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे प्रयोग. तो प्रयोग एकाच वेळी अनेक कॅमेरे टिपत. १९५१ च्या ‘आय लव्ह ल्युसी’पासून रूढ झालेली ही पद्धत. हशा आला नाही तर विनोद पडला, हे जागच्या जागी कळे. मग तिथल्या तिथे ओळ बदलायची, हालचाल बदलायची. पडणे, धडपडणे, दारात अडकणे असे अंगविक्षेपाचे विनोद तर मिनिटाच्या हिशेबाने बसवावे लागत. पेनीने हे काम आठ वर्षे केले आणि त्यातल्या चार भागांचे दिग्दर्शनही केले. चित्रपटाच्या कुठल्याही शाळेत न शिकलेल्या या बाईची हीच शाळा होती.

आता इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. मालिका भावाची. वडील निर्मात्यांपैकी एक. पात्रनिवडीचे काम बहीण पाही. नवरा रॉब रायनर (लग्न १९७१, घटस्फोट १९८१) हाही लोकप्रिय मालिकेतला नट. मग हे यश घराणेशाहीचे नाही का? पेनीला दार घरच्यांनी उघडून दिले, हे खरेच आहे. तिने स्वतःही ते कधी लपवले नाही. पण तेवढ्यावर थांबले तर त्या दारातून बाकीचे कसे आत गेले, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

एकाच वर्गातले विद्यार्थी

दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकांतून चित्रपट दिग्दर्शनाकडे जाणारी वाट त्या काळात चांगलीच मळलेली होती. ‘हॅपी डेज’मधला नट रॉन हॉवर्ड १९७७ मध्येच दिग्दर्शक झाला. गॅरी मार्शलचा पहिला चित्रपट १९८२ चा. मालिकांचे लेखक-निर्माते जेम्स एल. ब्रुक्स यांनी १९८३ मध्ये ‘टर्म्स ऑफ एंडिअरमेंट’ केला आणि पहिल्याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळवले. रॉब रायनरचा पहिला चित्रपट १९८४ चा. पेनीचा १९८६ चा. म्हणजे एकाच वर्तुळातल्या, एकाच प्रकारच्या कामात तयार झालेल्या या पाच जणांत पेनी शेवटची. पुरुषांच्या बाबतीत या वाटेला कुणी घराणेशाही म्हटले नाही. तो ‘अनुभव’ ठरला.

याच वर्षांत गिल्डमधल्या त्या मोजणीचे प्रकरण न्यायालयात पोचले होते. १९८३ मध्ये गिल्डने वॉर्नर ब्रदर्स आणि कोलंबिया पिक्चर्स या दोन स्टुडिओंवर भेदभावाचा दावा लावला. १९८५ मध्ये न्यायाधीश पामेला रायमर यांनी गिल्डला वंचितांच्या वतीने हा दावा चालवता येणार नाही असा निर्णय दिला. गिल्डमध्ये बहुसंख्य पुरुषच, आणि कामे वाटण्याच्या व्यवस्थेत गिल्डचाही हात. तेव्हा स्त्रियांचे हित आणि संघटनेचे हित एक मानता येत नाही, असा त्यामागचा आशय होता. दाराला कुलूप एकट्या स्टुडिओने लावले नव्हते, हे त्या निकालाने उघड केले. कायद्याचा रस्ता तिथेच खुंटला. राहिला तो ओळखीचा रस्ता. आणि ओळख ज्यांच्याकडे होती, अशा मोजक्या स्त्रियांपैकी पेनी एक होती.

‘बिग’ची कमाई

‘पेगी सू गॉट मॅरीड’ हा तिचा पहिला चित्रपट होणार होता, पण तो तिच्या हातून गेला आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोलांकडे आला. मग हूपी गोल्डबर्गच्या ‘जंपिंग जॅक फ्लॅश’वर आधीचा दिग्दर्शक बाहेर पडल्यामुळे तिला बोलावणे आले. दुसऱ्याने मांडलेला डाव पुरा करण्याचे हे काम. समीक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही, पण चित्रपट पुरा करता येतो हे सिद्ध झाले.

‘बिग’ तिच्याकडे आला तो ब्रुक्स यांच्यामुळे. बारा वर्षांचा मुलगा एका रात्रीत मोठ्या माणसाच्या देहात जागा होतो, ही कल्पना नवी नव्हती. मुलगा आणि मोठा माणूस यांच्या अदलाबदलीचे इतर तीन चित्रपट त्याच सुमारास येऊन गेले होते. ‘बिग’ वेगळा ठरला तो तालमीमुळे. मोठ्या जोशचे प्रसंग पेनीने आधी लहान जोश झालेल्या डेव्हिड मॉस्को या मुलाकडून करून घेतले, त्यांचे चित्रण केले आणि टॉम हँक्सने ते पाहून आपली भूमिका उभी केली. त्यामुळे हँक्स मुलाची नक्कल करत नाही. तो मुलासारखा उभा राहतो, मुलासारखा गप्प बसतो. खेळण्यांच्या दुकानातला, जमिनीवरच्या प्रचंड पियानोवर नाचत सूर वाजवण्याचा प्रसंग तर जगभर गाजला. हँक्स आणि रॉबर्ट लोजिया यांनी तो स्वतः नाचून केला आणि कॅमेऱ्याने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत दाखवले. तळघरातल्या टॅपच्या वर्गात वाढलेल्या दिग्दर्शिकेला पाय दिसलेच पाहिजेत असे वाटणे स्वाभाविकच म्हणायचे. हँक्सला ऑस्करचे पहिले नामांकन याच भूमिकेने दिले.

यानंतरचा ‘अवेकनिंग्ज’ (१९९०) अगदी दुसऱ्या टोकाचा. डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. मेंदूज्वराच्या एका विचित्र साथीनंतर अनेक दशके जणू गोठून राहिलेल्या रुग्णांना १९६९ मध्ये ‘एल-डोपा’ या औषधाने काही काळापुरती जाग आली, त्याची ही गोष्ट. सॅक्स यांचे हे रुग्णालय पेनीच्या ब्राँक्समधलेच. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता (रॉबर्ट डी नीरो) आणि रूपांतरित पटकथा अशी तीन नामांकने मिळाली. दिग्दर्शनासाठी नाही. त्या वर्षी ‘घोस्ट’च्या पुरुष दिग्दर्शकालाही वगळले गेले होते, हे खरे. परंतु १९९० पर्यंत ऑस्करच्या इतिहासात दिग्दर्शनाचे नामांकन मिळालेली एकच स्त्री होती, इटलीची लीना व्हर्टम्युलर, हेही तितकेच खरे.

स्त्रियांचा बेसबॉल

१९९२ च्या ‘अ लीग ऑफ देअर ओन’मध्ये पेनीला तिचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय सापडला. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू लढाईवर गेल्यावर च्युइंगमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली. आखूड झग्यांत खेळायचे आणि सभ्य वागण्याबोलण्याचे धडेही गिरवायचे, अशी अट. १९५४ मध्ये लीग बंद पडली आणि लोक ती विसरून गेले. १९८७ च्या एका माहितीपटातून पेनीला ती समजली.

तिने नट्यांना आधी मैदानावर उतरवले. चेंडू टाकता-झेलता आला तरच भूमिका. पडद्यावर एका खेळाडूच्या मांडीवर दिसणारा काळानिळा वळ खरा आहे. अखेरच्या प्रसंगात कूपर्सटाउनच्या संग्रहालयात लीगच्या खऱ्या, वयस्क झालेल्या खेळाडू दिसतात. काळ्या स्त्रियांना त्या लीगमध्ये प्रवेश नव्हता. मैदानाबाहेर आलेला चेंडू एक काळी स्त्री जोरकस फेकीने परत टाकते, एवढ्या एका क्षणात चित्रपट ते सुचवतो. हा क्षण पुरेसा नाही, असे कुणी म्हटले तर ते चूक नाही. तरी तो आहे. या चित्रपटानेही १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळाले.

‘अवेकनिंग्ज’ आणि ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हे दोन्ही चित्रपट कोलंबियाचे. ज्या स्टुडिओविरुद्धचा दावा १९८५ मध्ये निकालात निघाला, त्याच स्टुडिओला सात वर्षांच्या आत एका स्त्रीने हे दोन चित्रपट करून दिले. बाजाराच्या तर्काने पाहिले तर यानंतर स्टुडिओंनी स्त्री दिग्दर्शकांच्या शोधात माणसे पाठवायला हवी होती.

तसे झाले नाही. पेनीचे १९९४, १९९६ आणि २००१ चे चित्रपट त्या उंचीवर गेले नाहीत आणि २००१ नंतर तिने कथापट केला नाही. तिचे एकटीचे राहू द्या. सॅन दिएगो राज्य विद्यापीठातल्या मार्था लॉझन दरवर्षी सर्वाधिक कमाईच्या २५० चित्रपटांची पाहणी करतात. १९९८ मध्ये दिग्दर्शकांत स्त्रियांचे प्रमाण होते ९ टक्के. २०१८ मध्ये, ज्या वर्षाच्या १७ डिसेंबरला पेनी वारली त्या वर्षी, ते होते ८ टक्के.

एखाद्या स्त्रीचे मोठे यश म्हणजे सगळ्यांसाठी वाट मोकळी झाली, असे आपण नेहमी म्हणतो. पेनीच्या उदाहरणाने ही समजूत तपासून पाहावी लागते. क्षमतेचा प्रश्न तिने निकालात काढला. तो पुन्हा विचारण्याचे कारण उरले नाही. पण काम कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या याद्या, भोजने, मैत्र्या जशा होत्या तशा राहिल्या. त्या व्यवस्थेने तिचे यश नियम म्हणून नव्हे, अपवाद म्हणून नोंदवले, आणि अपवादावरून कुणी पुढची नेमणूक करत नाही. तिला भाऊ होता म्हणून शिकायला आठ वर्षे मिळाली. ज्यांना असा भाऊ नव्हता त्या किती जणी होत्या, त्यांनी कोणते चित्रपट केले असते, याची मोजणी १९७९ च्या त्या सहा जणींनाही करता आली नसती.