अग्निशामक बंबाची वाटचाल आणि पेठ वडगाव परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

नागरी संस्थांच्या इतिहासात पाणीपुरवठा, आरोग्य व शिक्षण यांचा विचार जितका झाला, तितका अग्निशमन सेवेचा झालेला दिसत नाही. वस्तुतः गावाच्या सुरक्षिततेची कसोटी आगीच्या प्रसंगीच लागते. प्रस्तुत लेखात अग्निशामक वाहनाच्या विकासाचा आढावा घेऊन हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावास त्यातून कोणता बोध मिळतो, याचा विचार केला आहे.

'बंब' आणि त्याचे यंत्र

मराठीतील 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, यावरून आला. पाणी तापविण्याच्या तांब्याच्या भांड्यास आणि आगीच्या गाडीस आपण एकच नाव दिले. हे नाव वाहनाचे नसून पंपाचे आहे, ही बाब अर्थपूर्ण आहे. कारण बंबाचा खरा इतिहास पाणी दाबाने फेकण्याचा इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅम येथे यान व्हान डेर हेडेन याने चामड्याची लवचीक नळी प्रचारात आणली व आगीच्या उगमापर्यंत पाणी नेणे शक्य झाले. १८२९ मध्ये लंडन येथे वाफेवर चालणारा बंब तयार झाला. मनुष्यबळाची जागा प्रथम वाफेने आणि पुढे मोटारीने घेतली.

मुंबईचा अनुभव

मुंबई अग्निशमन दलाची रीतसर स्थापना १ एप्रिल १८८७ रोजी झाली. १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने ही जबाबदारी महापालिकेकडे आली. घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांनंतर १९०७ मध्ये मोटार बंब दाखल झाला. तथापि केवळ वाहनाने संकट टळत नाही, हे १४ एप्रिल १९४४ रोजी दिसून आले. व्हिक्टोरिया गोदीतील 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. आग विझविण्याचे प्रयत्न चालू असतानाच स्फोट झाले व ६६ अग्निशामक कर्मचारी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आग लागण्यापूर्वीची साठवणूक ही बंबाइतकीच निर्णायक असते, हा या घटनेचा धडा होय.

पेठ वडगाव परिसराचा प्रश्न

सेनापती धनाजी जाधव यांच्या समाधीमुळे इतिहासात स्थान असलेले पेठ वडगाव हे वारणा खोऱ्यातील जुने व्यापारी गाव आहे. दाटीवाटीची पेठ आणि सभोवती उसाचे मळे, अशी येथील दुहेरी स्थिती आहे. पेठेतील अरुंद बोळात मोठे वाहन शिरत नाही, तर वीजवाहिनीच्या ठिणगीने पेटलेल्या फडापर्यंत पक्की वाट नसते. कोल्हापूर सुमारे २० किलोमीटरवर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने निघालेल्या बंबास अर्धा तास लागतो. वाळलेले पाचट इतका वेळ देत नाही. शिवाय ४,५०० लिटरच्या टाकीतून मिनिटास ४५० लिटर पाणी सोडल्यास ती १० मिनिटांत रिकामी होते. म्हणून विहीर, तळे वा नदीवरील पाणी भरण्याची जागा ही बंबाचाच भाग मानावी लागते.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार आग विझविणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवेचा समावेश केला. आगीला मात्र नगरपरिषदेची हद्द ठाऊक नसते. शिवेपलीकडच्या शेतकऱ्यालाही याच बंबाचा आधार वाटतो, परंतु कर्तव्याची कायदेशीर चौकट हद्दीशी बांधलेली आहे.

निष्कर्ष

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची ही वास्तू शहराच्या मध्यवस्तीत होती. म्हणजे अंतर कमी असूनही हानी टळली नाही. इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर प्रतिबंधक उपायांची जबाबदारी टाकणारा २००६ चा राज्य अधिनियम या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. सारांश, बंब हा संरक्षणाचा शेवटचा टप्पा आहे. मोकळे रस्ते, पाण्याच्या निश्चित जागा, प्रशिक्षित माणसे आणि शेजारच्या गावांशी व साखर कारखान्यांशी आधीच ठरलेले सहकार्य या गोष्टी त्याच्या आधी यावयास हव्यात. पेठ वडगावसारख्या गावाने बंबाची किंमत मोजताना त्यांचाही हिशेब मांडणे अगत्याचे आहे.