युद्धातील माणुसकीचा कायदा

युद्ध सुरू झाले की सारे नियम संपतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो.

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे ऑस्ट्रियाची फौज एकीकडे व फ्रान्स-सार्डिनियाची दुसरीकडे, अशी घनघोर लढाई झाली. कामानिमित्त तिकडे गेलेल्या हेन्री ड्युनांट या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याने हजारो जखमी पाण्यावाचून तळमळताना पाहिले. जवळच्या गावातील स्त्रियांच्या मदतीने त्याने शत्रू-मित्र न पाहता शुश्रूषा केली आणि १८६२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यातूनच २२ ऑगस्ट १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची काळजी घ्यावी, हे १२ राष्ट्रांनी मान्य केले.

ही भावना एकट्या युरोपची नव्हती. फ्रेंचांशी झुंजणारा अल्जीरियाचा अमीर अब्दुल कादिर युद्धकैद्यांना माणुसकीने वागवी. पुढे १८६० च्या दंगलीत त्याने दमास्कसमधील हजारो ख्रिस्ती लोकांचे प्राण वाचविले.

तथापि कायदा नेहमी युद्धाच्या एक पाऊल मागेच राहिला. नागरिकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र करार दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर, १९४९ साली झाला. त्या वर्षीचे चारही करार भारताने १९५० साली मान्य केले व १९६० साली त्यासाठी कायदा केला. १९७७ च्या दोन पुरवणी करारांत मात्र भारत सामील झालेला नाही.

आज प्रश्न अंमलबजावणीचा आहे. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदुझच्या रुग्णालयावर अमेरिकन विमानाने हल्ला केला व ४२ माणसे दगावली. चौकशीत ती चूक ठरली. १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला झाला नाही. माणूस चुकला तरी निदान जाब विचारता येतो. उद्या यंत्रानेच लक्ष्य निवडले तर जाब कोणाला विचारावयाचा? अशा शस्त्रांसाठी वेगळा करार अद्याप झालेला नाही.

मग या कायद्याचे भवितव्य काय? चौथ्या करारातील १४४ वे कलम सांगते की, शांततेच्या काळातही या कराराचा प्रसार करावा. लष्करी शिक्षणात व शक्य तर नागरी शिक्षणातही त्याचा अभ्यास ठेवावा. म्हणजे हे काम आम्हा शिक्षकांकडेही सोपविलेले आहे. आपण मुलांकडून पानिपत आणि वॉटर्लूच्या सनावळ्या पाठ करून घेतो. त्यांच्या शेजारी १८६४ व १९४९ ही सालेही फळ्यावर लिहू या. उद्याचा सैनिक, सेनापती आणि यंत्र बनविणारा इंजिनिअर आज आपल्याच वर्गात बसलेला आहे.