कूपरेजवरील एक सायंकाळ

चिंचणीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूंत चेंडू लाथाडीत वाढलेल्या आम्हां दोघां मित्रांस मुंबईचें कूपरेज एकदां पाहावयाचेंच होतें. वाणगावास गाडी धरली, विरारास बदलली, आणि चर्चगेटहून पायींच मैदान गांठलें. सामना स्थानिक संघांचा, प्रेक्षक बेताचेच. कूपरेज म्हणजे पिंपें बांधणाऱ्यांची जागा. तो धंदा गेला, नांव उरलें. पायांखालचें गवतही आतां कृत्रिम आहे!

या मैदानाशीं ज्याचें नांव जडलें तो रोव्हर्स चषक १८९१ सालीं सुरू झाला, आणि पुढें कित्येक वर्षें गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९२३ सालीं मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढें ४–१ असा हरला. अखेर १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक जिंकला. मोहन बागाननें १९११ सालीं कलकत्त्यास ईस्ट यॉर्कशायर पलटणीवर मिळविलेला विजय आजही सांगितला जातो. मग १९३७ चा विजय आपण कां विसरलों? मला वाटतें, कलकत्त्याचे विजेते कलकत्तेकरच होते; मुंबईंत जिंकले ते पाहुणे, आणि पाहुण्यांचा पराक्रम यजमानांनीं आपला मानला नाहीं. पुढें चषकही २०००–०१ नंतर बंद पडला.

मध्यंतरांत शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांस मीं बंगलोरच्या त्या संघाविषयीं विचारलें. त्यांना मोहन बागान आठवला. इतक्यांत शिट्टी वाजली.