सुताचा अंक आणि गणिताचा खेळ

कुमारवयीन विद्यार्थ्यांसाठी संगणकावर रचलेल्या गणिती खेळांत बहुधा उदाहरण निराळे व खेळ निराळा राहतो. उत्तर बरोबर आले की पुढचे दार उघडते, इतकाच दोहोंचा संबंध. हा दुरावा मिटविण्याचा एक प्रयत्न वर्ध्यास पूर्वीच झाला होता. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला व गणिताची सांगड हस्तोद्योगाशी घातली. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी, आणि एका पौंडात जितक्या गुंड्या भरतील तितका सुताचा अंक, असा हा हिशेब. धागा जाड निघाला की गुंडीचे वजन वाढे व अंक उतरे. व्यस्त प्रमाणाचा नियम पाठ होण्यापूर्वीच बोटांना कळे. ‘अंक’ हा शब्द येथे संख्येचा व सुताच्या बारीकपणाचाही वाचक आहे, हे लक्षणीय होय. प्रत्येक गणिती कल्पना टकळीतून निघत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि चूक दाखविण्याचे काम शिक्षकाने वा घंटेने नव्हे, तर हातातील वस्तूनेच करावे, हे तत्त्व खेळ रचणाऱ्यास आजही मार्गदर्शक ठरावे.