शस्त्रक्रियेतील दुर्मीळ रुग्णवृत्ते : चंद्रपूर व गडचिरोली

शस्त्रक्रियेतील दुर्मीळ रुग्णवृत्ते (चंद्रपूर व गडचिरोली वनजिल्हे) : एखाद्या रुग्णाची, मग तो माणूस असो वा प्राणी, लक्षणे, तपासणी, निदान, शस्त्रक्रिया आणि तिचा परिणाम या क्रमाने शल्यचिकित्सकाने लिहून समव्यवसायींसाठी प्रसिद्ध केलेले टिपण म्हणजे रुग्णवृत्त होय, डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात यालाच ‘केस रिपोर्ट’ म्हणतात. शेकडो रुग्णांची तुलना करणाऱ्या संशोधनापुढे त्याचे पुरावा म्हणून मोल कमी धरले जाते, कारण एका रुग्णावरून नियम काढता येत नाही. परंतु जो विकार शल्यचिकित्सकाच्या साऱ्या हयातीत एकदाच समोर येतो त्याच्या बाबतीत तुलनेला दुसरा रुग्णच नसतो, आणि अशा वेळी कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेले टिपण हाच काय तो आधार उरतो.

हा लेखनप्रकार फार जुना आहे. इ. स. पू. सुमारे १६०० मधील, एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्शियन पपायरसात ४८ रुग्णांची नोंद असून त्यांतील बहुतेक जखमांचे व अस्थिभंगाचे आहेत, आणि प्रत्येकाच्या निदानात उपचार करावेत की करू नयेत याचा निवाडा दिलेला आहे. मराठी मुलखातील सर्वांत गाजलेले शल्य-रुग्णवृत्त १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापले गेले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचे नाक व एक हात टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते; वर्षभर तो तसाच वावरला आणि मग पुण्याजवळच्या एका विटा-कौले करणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक बसवले. आधी मेणाचे नाक घडवायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांमधला देठ मात्र जोडलेलाच ठेवून ती कातडी खाली वळवायची, काथाच्या लेपाने ती जागेवर धरून ठेवायची आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा, अशी ही रीत त्या वृत्तात वर्णिलेली आहे. देठ राखण्यामागचे कारण असे की, त्यातून येणाऱ्या रक्तावर उचललेली कातडी नव्या जागी रुजेपर्यंत जगते. अशा कातडीच्या पट्ट्याला आज ‘फ्लॅप’ म्हणतात. हे टिपण वाचूनच लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक काढले, म्हणजे एका रुग्णाच्या वृत्ताने एक शल्यतंत्र लंडनला नेले.

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत नाक गमावणे ही इतिहासजमा गोष्ट नाही. येथे ते काम अस्वल करते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचताना आणि पुढे तेंदूपत्ता तोडताना माणूस खाली वाकलेला असतो, अस्वलाची नजर अधू असते, आणि दोघे अगदी जवळ येईपर्यंत एकमेकांना दिसत नाहीत. दचकलेले अस्वल मागच्या पायांवर उभे राहून, वारूळ उकरण्यासाठी वाढलेल्या लांब नखांनी थेट तोंडावर झडप घालते. परिणामी डोक्याची कातडी सोलली जाणे, डोळा जाणे, नाक व ओठ फाटणे आणि जबडा मोडणे या इजा एकाच रुग्णात एकत्र आढळतात. शहरी पाठ्यपुस्तकात क्वचित दिसणारी ही जखम वनजिल्ह्यांच्या दवाखान्यांना अनोळखी नाही. चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल असल्याने, इतर ठिकाणची चावलेली जखम काही दिवस उघडी ठेवण्याचा प्रघात असला तरी चेहऱ्यावरची जखम भरपूर पाण्याने धुऊन, मृत ऊती काढून शक्य तितक्या लवकर शिवली जाते, आणि धनुर्वात व रेबीज यांच्या प्रतिबंधक लशी दिल्या जातात. पुढे नाक घडवताना कपाळाच्या कातडीचा तोच जुना फ्लॅप उपयोगी पडतो. मात्र अस्वलाने कपाळही फाडले असेल तर उसनी घेण्याची कातडीच उरत नाही, आणि मग हाताची किंवा मांडीची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसह उचलून सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची, मोठ्या शहरातच शक्य असणारी शस्त्रक्रिया करावी लागते.

ते मोठे शहर म्हणजे नागपूर, आणि भामरागडहून ते तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तो रस्ताही तुटतो. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आलेले डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे यांना विजेवाचून काम करावे लागत होते, आणि अस्वलाने फाडलेले चेहरे तिथेच शिवावे लागत होते. त्याच आवारात, शिकारीत आई गमावलेली जंगली पिले आणून वाढवली गेली. माणूस आणि जनावर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करण्याला आज ‘एक आरोग्य’ अशी संज्ञा आहे. हेमलकशात ती गरज होती, धोरण नव्हते.

दुर्मीळ म्हणजे काय, हा प्रश्न या प्रदेशात अपरिहार्यपणे उभा राहतो, कारण दुर्मीळता विकाराइतकीच नोंदीवरही अवलंबून असते. बैलांना होणारा शिंगाचा कर्करोग हे याचे चांगले उदाहरण आहे. शिंगाच्या आतील हाडाच्या पोकळीला अस्तर असणाऱ्या पेशींत तो सुरू होतो, बैल मान एका बाजूला धरतो, शिंग घासतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि शेवटी शिंग सैल होऊन लोंबते. शिंगाच्या चेतातंतूला बधिरीकरणाची सुई देऊन शिंग बुडापासून काढणे हा त्यावरचा मुख्य उपाय आहे. जगातील बहुतेक देशांच्या पशुवैद्यकांना हा रोग पुस्तकातच भेटतो, तर भारतातील खिल्लारी बैल बाळगणाऱ्या शेतकऱ्याला तो परका वाटत नाही. सिकलसेलची गोष्टही वेगळी नाही. या आनुवंशिक विकारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, तरुण वयातच खुब्याच्या हाडाचे टोक रक्ताअभावी मरते किंवा प्लीहेत गळू होते. विदर्भातील आदिवासी व काही दलित समाजांत तो मोठ्या प्रमाणात आढळत असल्याने येथे शस्त्रक्रियेआधी त्याची चाचणी करणे आणि भूल दिलेली असताना रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता व प्राणवायूची तूट यांपासून जपणे आवश्यक ठरते.

न मोजलेले दुर्मीळ भासते, याचा सर्वांत ठळक पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडला नाही, तो खेड्यांतल्या पाहणीतून आला. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. दवाखान्याच्या वहीत यातले फारच थोडे उतरले असते. संस्थेच्या शोधग्राम येथील माँ दंतेश्वरी रुग्णालयात बाहेरच्या तज्ज्ञांची शस्त्रक्रिया शिबिरे भरतात, ज्यांत मणक्याच्या शस्त्रक्रियांचाही समावेश असतो.

प्राण्यांच्या बाजूने या प्रदेशातील सर्वांत उल्लेखनीय प्रकरण ‘साहेबराव’ या वाघाचे आहे. एप्रिल २०१२ मध्ये ताडोबालगतच्या पळसगाव भागात शिकाऱ्यांनी लावलेल्या लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले. एक मेला, आणि दुसऱ्याच्या, म्हणजे साहेबरावाच्या, डाव्या पुढच्या पंजाला कोथ झाला. कोथ म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने ऊती मरून सडणे. तो पसरू नये म्हणून बोटे कापावी लागली. जंगलात परतण्याजोगा न राहिलेला हा वाघ नागपूरला आणि पुढे गोरेवाडा बचाव केंद्रात ठेवण्यात आला, पण त्याचे लंगडणे आणि वेदना थांबल्या नाहीत. कापलेल्या चेतातंतूच्या टोकाशी तंतू वेडेवाकडे वाढून जी अतिशय दुखरी गाठ होते तिला न्यूरोमा म्हणतात, आणि अवयव गमावलेल्या माणसांत ती अस्थिशल्यचिकित्सकांच्या नेहमीच्या परिचयाची असते. नागपूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी साहेबरावाला दत्तक घेतले, पशुवैद्यकांच्या साह्याने त्याच्या पंजावर वेदनाशमनाची शस्त्रक्रिया केली, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला कृत्रिम पंजा बसवण्याचा प्रयत्न झाला. भुलीतून बाहेर येताच वाघाने तो पंजा काढून टाकला.

हा प्रयत्न फसला असला तरी वैद्यकीयदृष्ट्या तोच या प्रकरणाचा बोधप्रद भाग आहे. माणसाला कृत्रिम पाय बसवल्यावर सराव, समजूत आणि रोजची तपासणी यांनी तो अंगवळणी पडतो. वाघाला यातले काहीच देता येत नाही. भुलीचे औषध लांबून बाणातून टोचावे लागते, त्यासाठी सामान्यतः झायलाझीन व केटामाइन यांचे मिश्रण वापरतात आणि काम झाल्यावर झायलाझीनचा परिणाम योहिंबिनने उतरवतात. म्हणजे शल्यचिकित्सकाच्या हाती मोजका वेळ असतो आणि त्यानंतर रुग्ण दातांनी टाके तोडायला मोकळा असतो. म्हणूनच वन्यप्राण्यांत विरघळणारे टाके कातडीखाली लपवून घालतात आणि मलमपट्टी शक्यतो टाळतात. अपयशाची वृत्ते नियतकालिकांत कमी छापली जातात. या वाघाची हकीकत वृत्तपत्रांमुळे सर्वतोमुखी झाली म्हणून ती टिकली, हा योगायोगच म्हणावा लागेल.

रुग्णवृत्ताच्या मांडणीसाठी २०१३ मध्ये ‘केअर’ आणि शल्यवृत्तांसाठी २०१६ मध्ये ‘स्केअर’ ही आंतरराष्ट्रीय सूत्रे प्रसिद्ध झाली. घटनांचा कालक्रम, पर्यायी निदानांचा विचार, उपचारानंतरचा पाठपुरावा, रुग्णाचे स्वतःचे म्हणणे आणि त्याची लेखी संमती यांचा त्यांत आग्रह आहे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मराठी किंवा इंग्रजी संमतिपत्रावर उठवलेला अंगठा ही संमती मानता येत नाही. दुभाष्याने त्याच्या भाषेत सांगितलेले आणि त्याला समजलेले असले तरच ती खरी. पाठपुराव्याची अट तर येथे सर्वांत कठीण जाते, कारण टाके काढल्यावर रुग्ण जंगलापलीकडच्या गावी जातो आणि पुन्हा येत नाही. वन्यप्राण्याच्या बाबतीत संमतीचा प्रश्न उद्भवत नाही, त्याचे नावही झाकावे लागत नाही. माणसाचे मात्र नाव, गाव आणि ओळखू येईल असे छायाचित्र वगळले जाते व शल्यचिकित्सकांची नावे शीर्षकाखाली छापली जातात. १७९४ च्या वृत्तात नेमके उलट आहे : कावसजीचे नाव आहे, शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहणाऱ्या मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या डॉक्टरांची नावे आहेत, आणि नाक बसवणाऱ्या कारागिराचे नाव दिलेले नाही.